न घडलेल्या गोष्टींचा दांडगा अनुभव

मराठी माणसाची लेखी स्तुती आयुष्यात तीन वेळा होते. तो लग्नाला उभा राहतो तेव्हा, नोकरीसाठी उभा राहतो तेव्हा आणि उभं राहण्याचा प्रश्नच कायमचा मिटतो तेव्हा. पहिली स्तुती वडील लिहितात, तिसरी सोसायटीचे सेक्रेटरी फळ्यावर लिहितात. मधली मात्र ज्याची त्याने लिहायची असते. आणि तीही कधी, तर नुकतंच कोणीतरी बंद खोलीत बसवून, पाणी विचारून, तुमची आता गरज उरली नाही असं अदबीने सांगितलेलं असतं तेव्हा. आपण कोणाला नको आहोत हे ज्या आठवड्यात कळतं, त्याच आठवड्यात आपण सगळ्यांना का हवे आहोत हे एका पानात पटवून द्यायचं. ही पद्धत ज्याने पाडली, तो स्वतः त्या वेळी पगारी नोकरीत असणार.

मी चाकणच्या एका कारखान्यात परचेसला होतो. कारखाना वाहनांचे सायलेन्सर बनवायचा. त्यासाठी लागणारे क्लॅम्प, ब्रॅकेट, स्प्रिंगा, नटबोल्ट, पत्रा, नळ्या वेळेवर आणून देणं हे माझं काम. विजेवर चालणाऱ्या गाडीला सायलेन्सर नसतो, ही गोष्ट मला बरीच आधीपासून माहीत होती. एका प्रदर्शनात तसली गाडी पाहून "वा, काय शांत चालते!" असं कौतुकही मी केलं होतं. पण ज्या शांततेचं आपण कौतुक करतोय तिचा आपल्या पगाराशी काही संबंध असेल, हे तेव्हा डोक्यात आलं नाही. १ एप्रिल २०२० पासून देशात वाहनांच्या धुरासाठी बीएस-६ हे नवं मानक लागू झालं. सरकारने बीएस-४ वरून थेट सहावर उडी मारली आणि मधली पायरी गाळली. त्याच्या आधीचं वर्षभर नव्या डिझाइनच्या मालासाठी आमची इतकी धावपळ झाली की घरच्यांची तोंडं मी रविवारीच बघत होतो. मधली पायरी गाळण्याची कल्पना आमच्या व्यवस्थापनालाही आवडली असावी. पुढे खात्याची फेररचना झाली तेव्हा त्यांनीही मधली पायरी गाळली. त्या पायरीवर मी उभा होतो.

तर रेझ्युमे. जुना एक होताच. संगणकाच्या पोटात फार खोलवर, 'न्यू फोल्डर' नावाच्या फोल्डरमधल्या 'न्यू फोल्डर २' मध्ये तो सापडला. लेकीने तो उघडला आणि आधी शांतपणे वाचला, मग मोठ्याने वाचला, मग तिच्या मैत्रिणीला फोनवर वाचून दाखवला. वर 'करिक्युलम व्हिटे' असं ठळक आणि अधोरेखित. त्याखाली माझं उद्दिष्ट: मला आव्हानात्मक वातावरणात काम करायचं आहे. (संध्याकाळी सहा वाजता चाकणच्या तळेगाव चौकात अडकलेला टेम्पो फोनवरून सोडवत मी वर्षानुवर्षं काढली. एवढं एक उद्दिष्ट सफळ संपूर्ण झालं म्हणायला हरकत नाही.) त्यानंतर वडिलांचं नाव, वैवाहिक स्थिती, पासपोर्ट क्रमांक. मग आवडीनिवडी: वाचन, संगीत, प्रवास. महाराष्ट्रात रेझ्युमे लिहिणाऱ्या प्रत्येक माणसाला याच तीन गोष्टींची आवड असते, तरी ग्रंथालयं रिकामी कशी, हे संशोधकांनी बघावं. आणि शेवटी शपथ: वरील सर्व माहिती माझ्या समजुतीप्रमाणे खरी आहे. स्थळ पुणे, दिनांक कोरा, सही.

"बाबा, हा रेझ्युमे आहे की अफिडेव्हिट?" लेक म्हणाली. "आणि खरं आहे असं शपथेवर सांगितल्यामुळे जास्त संशय येतोय."

लेक एमबीएच्या पहिल्या वर्षाला आहे. त्यामुळे तिला नोकरीचा अनुभव नसला तरी नोकरी मिळवण्याचं शास्त्र तोंडपाठ आहे. तिने नियम सांगितले. फोटो नको. जन्मतारीख नको. धर्म, वजन, उंची, पत्ता काही नको. एक पान, फार तर दोन. आणि प्रत्येक वाक्यात आपण काहीतरी 'केलं' असं दिसलं पाहिजे.

याच्या बरोबर उलट नियम आईचे. आईच्या लेखी माणसाचा कागद एकच, तो म्हणजे स्थळासाठी काढतात तो. माझा तसला कागद तिने अजून ट्रंकेत जपून ठेवला आहे. वर 'श्री गणेश प्रसन्न', मग रास, गण, नाडी, देवक, मग 'मामा: एसटीत डेपो मॅनेजर'. त्या पानावर माझ्याबद्दलचा मजकूर जेमतेम दोन ओळी होता, बाकी पान नातेवाइकांनी भरलेलं. पण माणूस एका फेरीत पसंत पडला होता, त्यामुळे त्या कागदाच्या परिणामकारकतेबद्दल आईशी वाद घालता येत नाही.

"निर्व्यसनी आहेस हे लिहिलंस का?" आईने विचारलं.

"आजी, असं नसतं लिहायचं."

"का? लिहिलं नाही तर लोकांना वाटेल पितो म्हणून गेली नोकरी."

सौभाग्यवती सहकारी बँकेत आहे. कर्जाचे अर्ज तपासण्यात तिचं आयुष्य गेलं असल्यामुळे कुठलाही कागद ती शेवटून वाचते. "अहो, पगाराची अपेक्षा कुठे आहे?" तिने विचारलं. मी म्हटलं, ते आता लिहीत नाहीत. "मग वाटाघाटीत 'बायको कमावते' हे बोलू नका म्हणजे झालं," एवढं सांगून ती ऑफिसला गेली. घरातला सर्वांत व्यवहार्य सल्ला हाच होता.

मेव्हणा हिंजवडीला आयटीत आहे. तो व्हिडिओ कॉलवर आला. "दाजी, तुम्ही काय काम करायचा ते एका वाक्यात सांगा."

मी म्हटलं, "माल आणायचो."

"असं नका म्हणू. 'एंड टू एंड सप्लाय चेन ड्राइव्ह करायचो' म्हणा."

"ड्राइव्ह टेम्पोवाला करायचा रे."

तो थोडा वेळ स्क्रीनवर स्तब्ध दिसला. नेटवर्क गेलं होतं की धीर सुटला होता, हे कळायला मार्ग नव्हता.

आता वयाचं बघू. लेकीच्या शास्त्राप्रमाणे पन्नाशीजवळचा माणूस रेझ्युमेत दिसता कामा नये. म्हणून दहावीचं वर्ष काढलं, डिप्लोमाचं वर्ष काढलं, इंग्रजी टायपिंग मिनिटाला ४० शब्द हे काढलं, शिकाऊ उमेदवारी काढली. एवढं काढल्यावर कागदावर जो माणूस उरला तो थेट सीनिअर मॅनेजर म्हणूनच जन्माला आला होता. पण वर संपर्कासाठी ईमेल पत्ता होता, आणि तो रेडिफमेलचा. "हा पत्ता म्हणजे जन्माचा दाखलाच आहे, बाबा," लेक म्हणाली आणि तिने नवा काढून दिला. वडिलांच्या पिढीला ही कटकट नव्हती. महाराष्ट्रात हजारो लोकांचा वाढदिवस १ जूनला येतो, कारण शाळेत नाव घालताना जन्मतारीख ठाऊक नसली की गुरुजी १ जून लिहून मोकळे व्हायचे. माझे वडील त्यांपैकीच. नोकरी लागताना त्यांचं वय किती हे खुद्द त्यांनाही माहीत नव्हतं, तर साहेबाला कुठून कळणार?

गंमत अशी, की माझी वर्षं लपवण्याचं हे काम चालू असताना शेजारच्याच फायलीत ग्रॅच्युइटीचा हिशेब पडला होता. १९७२ च्या कायद्याने दिलेलं साधं सूत्र होतं: मूळ वेतन आणि महागाई भत्ता, गुणिले १५, भागिले २६, गुणिले सेवेची वर्षं. म्हणजे कायद्याच्या लेखी माझं प्रत्येक वर्ष पंधरा दिवसांच्या पगाराइतकं मोलाचं, आणि रेझ्युमेच्या लेखी तेच वर्ष पुसून टाकण्याच्या लायकीचं. डाव्या हाताने वर्षं गुणायची, उजव्या हाताने खोडायची. त्या दिवशी दोन्ही हात कामात होते.

पण खरी पंचाईत यापुढे होती. लेक म्हणाली, "आता तुझ्या अचीव्हमेंट्स सांग. आकड्यांत."

मी विचारात पडलो. परचेसवाल्याचं यश म्हणजे काय? विक्रीवाला सांगू शकतो, इतक्या कोटींचा धंदा आणला. उत्पादनवाला सांगतो, इतके नग काढले. परचेसवाल्याचं यश एवढंच, की काही झालं नाही. लाइन थांबली नाही. माल संपला नाही. ग्राहक कंपनीचा फोन आला नाही. साहेब ओरडला नाही. ज्या दिवशी आमच्या खात्यातला माणूस सगळ्या कारखान्याला माहीत होतो, तो दिवस वाईट असतो, कारण त्या दिवशी त्याच्या नावाने पुकारा होत असतो. इतकी वर्षं मी नाव न होऊ देण्यासाठी झटलो, आणि आता तेच नाव वर ठळक अक्षरांत टाकून खाली त्याची कीर्ती लिहायची होती. न घडलेल्या गोष्टींचा मला दांडगा अनुभव आहे, पण त्यांची यादी कशी करायची?

"खर्च वाचवला असशील ना?" लेकीने वाट दाखवली.

वाचवला होता. एका वर्षी पत्र्यावर आम्ही चांगले पैसे वाचवले होते. पण त्या वर्षी पोलादाचे भाव उतरले होते, हेही खरं. शिवाय त्या एका बचतीवर हक्क सांगणारे किती! डिझाइनवाल्यांनी जाडी कमी केली म्हणून त्यांची, क्वालिटीने ती मंजूर केली म्हणून त्यांची, टूलरूमने डाय बदलली म्हणून त्यांची, फायनान्सने ती मोजली म्हणून त्यांची. आमच्याबरोबर जेवढे बाहेर पडले, त्या सगळ्यांचे रेझ्युमे मी नंतर पाहिले. ती बचत प्रत्येकात होती, आणि प्रत्येकात ती एकट्याने केलेली होती. सगळ्यांची बेरीज केली तर कंपनीच्या वर्षाच्या उलाढालीपेक्षा आम्ही वाचवलेले पैसे जास्त भरतात. एवढी बचत करणारी माणसं घालवल्यावर कंपनीचं कसं चालतं, या काळजीने आमच्या व्हॉट्सअॅप गटात रोज कोणीतरी हळहळतं.

मध्येच समर्थ आठवले. दासबोधाच्या दुसऱ्या दशकातला पहिला समास मूर्खलक्षणांचा आहे. त्यातल्या एकाच ओवीत तीन मूर्ख एकत्र बसवले आहेत: स्वतःच स्वतःची स्तुती करणारा, आपल्याच मुलखात राहून हाल भोगणारा आणि वाडवडिलांची थोरवी सांगत फिरणारा. लहानपणी पाठ केलं तेव्हा हे तिघे वेगवेगळे असतील अशी माझी समजूत होती. रेझ्युमे लिहायला बसलो तेव्हा पहिली दोन लक्षणं पूर्ण झाली होती, आणि आईच्या सांगण्यावरून मामांचा एसटी डेपो घातला असता तर ओवीच पुरी होत होती.

मग मी ठरवलं की निदान स्वतःपुरता तरी खरा रेझ्युमे लिहायचा. मला नक्की काय येतं?

मला भोसरीचा गुरुवार येतो. भोसरीच्या औद्योगिक पट्ट्यात आठवड्याची सुट्टी गुरुवारी. नव्याने रुजू झालेला इंजिनिअर गुरुवारी सकाळी फोन लावतो आणि 'वेंडर प्रतिसाद देत नाही' अशी मेल सगळ्यांना टाकतो. परचेसवाला बुधवारी दुपारीच टेम्पो भरून घेतो.

मला पालखी येते. ज्येष्ठ वद्य सप्तमीला देहूहून तुकोबांची पालखी निघते, अष्टमीला आळंदीहून माउलींची. दोन्ही गावं आमच्या धंद्याच्या रस्त्यांवर. लाखो वारकरी चालायला लागले की रस्ते वळवले जातात, ट्रक थांबवले जातात, आणि ते योग्यच आहे. पण प्रेस शॉपची मशीनं विठ्ठलाचं नाव घेऊन चालत नाहीत, त्यांना पत्रा लागतो. म्हणून पंचांग उघडून तीन दिवसांचा माल आधी आत घ्यायचा. आमच्या खात्यात कालनिर्णय भिंतीवर नव्हतं, टेबलावर होतं.

मला छठही येते. दिवाळीनंतर सहाव्या दिवशी छठपूजा. आमच्या पुरवठादारांकडे पॉलिशिंगला, वेल्डिंगला बिहारचे कारागीर. ते दिवाळीला जातात आणि छठ झाल्याशिवाय परतत नाहीत, परतीच्या गाडीचं तिकीट मिळालं नाही तर त्याच्यानंतरही नाही. मराठी कारागीर चैत्रात गावच्या जत्रेला जातो. हे सगळं मनात धरून शेड्यूल पाडायचं.

हे मी मेव्हण्याला सांगितलं. त्याने ऐकून घेतलं आणि टाइप केलं: 'सप्लाय चेन रिस्क मिटिगेशन थ्रू प्रोअॅक्टिव्ह कॅलेंडर मॅनेजमेंट'. तुकोबा, माउली, छठी मैया आणि भोसरीचा गुरुवार एका ओळीत बसले, आणि एकाचंही नाव दिसलं नाही.

याशिवाय मला माणसांच्या वायद्यांचा अंदाज येतो. कोल्हापूरचा फाउंड्रीवाला "पाठवतो की, त्यात काय!" म्हणाला की कास्टिंग अजून वाळूत आहे. राजकोटचा फोर्जिंगवाला "थई जशे" म्हणाला की होतं, पण कधी ते विचारायचं नाही. लुधियानाचा नटबोल्टवाला "गाडी निकल गई जी" म्हणाला की गाडी अजून भरायची आहे, आणि "बस निकलनेवाली है" म्हणाला की गाडी ठरवायची आहे. पुण्याचा माणूस मात्र स्पष्ट. तो "जमणार नाही" म्हणतो, वर तुम्ही विचारलंच कसं, असंही म्हणतो. मग तीन दिवसांनी माल देतो. ही भाषा मी कुठल्या रकान्यात भरू? 'भाषा' या मथळ्याखाली मराठी, हिंदी, इंग्रजी लिहिलं आणि पुढे 'वाचता, लिहिता, बोलता येते' यावर खुणा केल्या. 'ओळखता येते' असा रकानाच नाही.

काही विद्या तर जगातूनच गेल्या. जकात नाक्यावर अडकलेला टेम्पो पंधरा मिनिटांत सोडवण्यात माझा हातखंडा होता. कुठल्या पावतीची कितवी प्रत कोणाच्या हातात द्यायची, कुठल्या साहेबाशी क्रिकेटबद्दल बोलायचं आणि कुठल्या साहेबाशी अजिबात बोलायचं नाही, हे मला पाठ होतं. २०१३ च्या एप्रिलमध्ये पुणे आणि पिंपरी-चिंचवडची जकात गेली, तिच्या जागी एलबीटी नावाचा कर आला. त्याचे फॉर्म भरण्यात जरा पारंगत होतोय तोवर तो गेला. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, पाठोपाठ ई-वे बिल आलं. सरकारने जेवढे कर आणले आणि नेले तेवढ्या विद्या मी शिकलो आणि विसरलो. सगळ्या लिहिल्या तर वाचणाऱ्याला वाटेल, हा माणूस पेशव्यांच्या कोठीवर होता.

आणि एक गोष्ट लिहावी की नाही, यावर मी बराच वेळ अडून बसलो. करोनाच्या लाटेत, एप्रिल २०२१ मध्ये, सरकारने कारखान्यांचा ऑक्सिजन थांबवून रुग्णालयांकडे वळवला. गॅस कटिंगसाठी आमच्याकडेही सिलिंडर असायचे. जन्मभर सिलिंडर आत आणणारा मी त्या दिवसांत सिलिंडर बाहेर काढत होतो. भरलेले, अर्धे, रिकामे, जे असतील ते. कागदपत्रं नंतर झाली. स्टोअरचा साठा शून्य झाला, आणि साठा शून्य होऊनही कोणी मला फोन करून ओरडलं नाही, असा तो माझ्या नोकरीतला एकच प्रसंग. मेव्हण्याने यावर 'इन्व्हेंटरी १०० टक्के कमी केली' असं लिहून दाखवलं. नंतर त्यानेच ते गुपचूप खोडलं. मेव्हणा तसा मनाने बरा आहे.

शेवटी लेकीने सगळा मजकूर एका चॅटबॉटला दिला. दहा सेकंदांत माझा जो वृत्तांत आला तो वाचून मला माझ्याबद्दल आदर वाटू लागला. मी 'निकालाभिमुख' होतो. मी 'उत्साहाने भारलेला' होतो. मी 'परिवर्तनाचं नेतृत्व' केलं होतं. हा माणूस आपल्याला भेटला असता तर आपण त्याला टाळलं असतं, एवढंच मनात आलं. लेकीने समजावलं की हे माणसांसाठी नसतंच. मोठ्या कंपन्यांत रेझ्युमे आधी एक सॉफ्टवेअर वाचतं, जाहिरातीतले शब्द त्यात आहेत का ते बघतं, आणि मग माणसाकडे पाठवतं. त्याला चौकटी, तक्ते, नक्षी नीट वाचता येत नाही. म्हणून मी हौसेने काढलेला तक्ताही उडवला. एका यंत्राने लिहिलेलं दुसरं यंत्र वाचणार, आणि मध्ये स्पेलिंग तपासायला मी. नोकरी गेल्यानंतर मला मिळालेलं हे पहिलं काम, बिनपगारी.

दरम्यान सोसायटीत माझी अब्रू २०२० सालाने सांभाळली. त्याआधी कर्ता पुरुष दुपारी बारा वाजता बाल्कनीत दिसला की तो आजारी किंवा बेकार, असा सरळ हिशेब होता. करोनानंतर कोणीही कधीही घरी दिसू शकतो. मी इस्त्रीचा शर्ट घालून, कानात इअरफोन अडकवून जिन्यात फेऱ्या मारतो आणि अधूनमधून "येस, येस, शेअर करतो" म्हणतो. शेजारचे काका परवा म्हणाले, "फार काम दिसतंय हल्ली तुम्हाला!" मी म्हटलं, "काय करणार, स्वतःच्याच प्रोजेक्टवर आहे." त्यात खोटं काही नव्हतं.

रेझ्युमे गेला. अनेक ठिकाणी गेला आणि बहुतेक ठिकाणी गेला तो गेलाच. 'आपण आमच्या नोंदीत राहाल' अशी उत्तरं आली. डिप्लोमा झाल्यावर वडिलांनी मला एम्प्लॉयमेंट एक्स्चेंजच्या रांगेत उभं करून कार्ड काढून दिलं होतं. त्यांच्याही नोंदीत मी आहेच. या देशात माझी नोंद नाही अशी जागा आता फारशी उरली नसेल.

मग रांजणगावहून बोलावणं आलं. समोर दोघं होते. एचआरचा एक पोरसवदा मुलगा आणि प्लांट हेड असलेल्या बाई. मुलाच्या हातात माझा रेझ्युमे होता. त्याने विचारलं, "पाच वर्षांनी तुम्ही स्वतःला कुठे पाहता?" मला खरं उत्तर माहीत होतं. तळेगाव चौकात. पण मी नेतृत्व, परिवर्तन वगैरे सुरू केलं. बाई मध्येच उठल्या, फोन घेऊन दाराशी गेल्या. त्यांचा चेहरा मी ओळखला. तो चेहरा मी आयुष्यभर पाहिला आहे, बहुतेक वेळा आरशात. लाइन थांबायला आली की होतो तो.

"काय अडकलंय, मॅडम?" मी न राहवून विचारलं.

त्यांनी एचआरच्या मुलाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "टॉर्शन स्प्रिंग. सगळा लॉट रिजेक्ट झाला. सेकंड शिफ्टला लाइन उभी राहील. आणि आज गुरुवार, भोसरी बंद."

"बंद असते," मी म्हटलं, "पण एक स्प्रिंगवाले आहेत, ते गुरुवारी अर्धं शटर ओढून आत बसतात. घरी करमत नाही त्यांना. ड्रॉइंग द्या."

फोन लावला. पलीकडून काका म्हणाले, "तुमची नोकरी गेली म्हणे? मग माल कुणाला हवाय?" मी म्हटलं, "आधी वायर आहे का ते सांगा." वायर होती. दोन हजार नग होतील म्हणाले. "कधी?" विचारल्यावर "बघतो" म्हणाले. ते पुण्याचे नाहीत, मूळचे सांगलीचे, त्यामुळे 'बघतो' म्हणजे होणार. टेम्पो कुठला, रस्ता कुठला, चाकणवरून नको, वाघोलीही टाळा, असं सगळं बोलून मी फोन ठेवला तेव्हा एचआरचा मुलगा माझ्या रेझ्युमेवर काहीतरी शोधत होता. त्यात स्प्रिंगवाले काका कुठेच सापडेनात, हे त्याच्या तोंडावर दिसत होतं.

बाई म्हणाल्या, "सोमवारपासून येऊ शकाल?"

"येईन," मी म्हटलं.

"सर, प्रोसेस आहे," मुलगा घाईने म्हणाला. "आधी आमच्या पोर्टलवर रेझ्युमे अपलोड करावा लागेल. आणि मग तीच माहिती खालच्या रकान्यांत पुन्हा भरावी लागेल."

रात्री जेवणं झाल्यावर मी पोर्टल उघडलं. रेझ्युमे चढवला. त्याने तो वाचल्यासारखं केलं आणि माझं नाव 'पुणे' आणि गाव 'सीनिअर मॅनेजर' असं भरून ठेवलं. ते दुरुस्त केलं. जन्मतारीख विचारली, ती भरली. दहावीचं वर्ष सक्तीचं होतं, तेही भरलं. वडिलांचं नाव भरलं. वैवाहिक स्थिती भरली. लेकीने खोडलेलं सगळं एकेक करून पोर्टलने परत मागून घेतलं. फक्त मामा तेवढे विचारले नाहीत. आई समोरच बसली होती, तिने मान हलवून नापसंती नोंदवली.

सर्वांत शेवटी लांबलचक चौकट आली: आपल्या कारकिर्दीतली सर्वांत मोठी कामगिरी लिहा.

चॅटबॉटने लिहून दिलेलं तयार होतं. ते मी पाहिलं, बाजूला ठेवलं आणि तीन शब्द लिहिले: 'लाइन थांबली नाही.'

चौकट लाल झाली. मजकूर अपुरा आहे, किमान ३०० अक्षरं आवश्यक आहेत.

मी ते वाक्य उचललं आणि खाली चिकटवलं. पुन्हा चिकटवलं. जितकी वर्षं नोकरी केली, वर्षाला एक या हिशेबाने, तितक्या वेळा चिकटवलं. लाइन थांबली नाही, लाइन थांबली नाही, लाइन थांबली नाही. चौकट हिरवी झाली.